मुंबई ते लंडन: हवाई अंतर किती, वेळ किती? बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा, हैदराबादहून निघणाऱ्यांसाठी पूर्ण हिशेब

मुंबई ते लंडन हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाने मुंबईहून लंडनला जायला साधारण साडेनऊ ते साडेदहा तास लागतात आणि परत यायला साडेआठ ते सव्वानऊ तास. विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं ते एवढंच. पण बेळगावच्या शहापुरात किंवा इंदूरच्या राजवाड्याजवळ राहणाऱ्या माणसाला या आकड्याचा एकट्याने फारसा उपयोग होत नाही. त्याचा प्रवास मुंबईच्या धावपट्टीवर सुरू होत नाही, घराच्या उंबऱ्यावर सुरू होतो. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजलं तर दहा तासांचे वीस होतात, कधी तीसही.

मुलगा शिकायला गेलाय, मुलगी नोकरीला आहे, नातवंडाच्या बारशाला आजी-आजोबा निघालेत किंवा घरात कुणी गेलंय आणि तिकडच्याने किती वाजेपर्यंत पोहोचायचं हे ठरवायचंय, अशा प्रत्येक वेळी हा हिशेब नीट माहीत असावा लागतो.

थोडक्यात माहिती

• मुंबई (सहार) ते लंडन हीथ्रो हवाई अंतर: सुमारे ७,२०० किमी, म्हणजे ४,४८० मैल किंवा ३,८९० सागरी मैल
• थेट विमान, जाताना: साधारण साडेनऊ ते साडेदहा तास
• थेट विमान, येताना: साधारण साडेआठ ते सव्वानऊ तास
• दुबई, दोहा किंवा अबुधाबीला थांबून: थांब्यानुसार १२ ते १८ तास, कधी त्याहून जास्त
• वेळेतला फरक: हिवाळ्यात भारत साडेपाच तास पुढे, उन्हाळ्यात साडेचार तास पुढे
• विमानाची उंची: साधारण १० ते १२ किमी, वेग: ताशी ९०० किमीच्या आसपास

अंतर म्हणजे नेमकं कोणतं?

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि लंडनवर पट्टी ठेवून रेघ मारली, तर त्या रेघेचा मध्य तुर्कस्तान आणि सीरियाच्या सीमेजवळ पडतो. पण पृथ्वी गोल आहे. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर एक बोट, लंडनवर दुसरं बोट ठेवून मधे दोरा ताणून बघावा. दोरा सपाट नकाशावरच्या रेघेपेक्षा बराच उत्तरेकडून जातो. या खऱ्या सर्वात जवळच्या वाटेचा मध्य जॉर्जिया देशातल्या तिबिलिसी शहराच्या थोडा दक्षिणेला येतो. ही वाट अरबी समुद्रावरून बलुचिस्तान, इराण, कॉकेशसचे डोंगर, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी अशी लंडनला पोहोचते.

७,२०० किलोमीटर हे याच ताणलेल्या दोऱ्याचं अंतर. विमान बरोबर त्या दोऱ्यावरून कधीच उडत नाही. हवाई मार्ग ठरलेले असतात, वारा बघावा लागतो आणि काही देशांचं आकाश टाळावं लागतं. त्यामुळे प्रत्यक्षात विमान काही शे किलोमीटर जास्त कापतं.

याच पद्धतीने आपल्याकडच्या शहरांचं हीथ्रोपासूनचं सरळ अंतर मोजलं, तर आकडे थोडे चक्रावून टाकतात:

• दिल्ली: सुमारे ६,७३० किमी
• बडोदा: सुमारे ६,९७० किमी
• ग्वाल्हेर: सुमारे ६,९९० किमी
• इंदूर: सुमारे ७,१०० किमी
• मुंबई: सुमारे ७,२०० किमी
• गोवा (मोपा): सुमारे ७,५६० किमी
• बेळगाव: सुमारे ७,६०० किमी
• हैदराबाद: सुमारे ७,७५० किमी

म्हणजे बडोदा, ग्वाल्हेर आणि इंदूर ही तिन्ही शहरं मुंबईपेक्षा लंडनला जवळ आहेत. यादीत सगळ्यात लांब हैदराबाद. पण हैदराबादहून हीथ्रोला ब्रिटिश एअरवेजचं थेट विमान जातं, त्यामुळे हैदराबादचा माणूस इंदूरच्या माणसाच्या आधी लंडनला पोहोचू शकतो. लांबच्या प्रवासात किलोमीटर किती यापेक्षा विमान किती वेळा बदलावं लागतं, यावर वेळ ठरतो.

जाताना जास्त, येताना कमी, असं का?

अंतर तेच, विमान तेच, मग येताना तासभर कमी कसा लागतो? कारण वारा. भारत आणि युरोपच्या मधल्या पट्ट्यात, विमानं उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीवर.

एक सोपा हिशेब करून बघू. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी आणि प्रत्यक्ष वाट ७,५०० किमी धरली. वाटेत सरासरी ताशी ६० किमीचा वारा समोरून आला, तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८४० होतो आणि हवेत जवळपास नऊ तास जातात. तोच वारा पाठीशी असला तर वेग ९६० आणि वेळ पावणेआठ तासांच्या थोडा वर. दोन्हींत धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं, गेटला लागणं यांची पन्नास मिनिटं मिळवली, की जाताना पावणेदहा आणि येताना साडेआठ-पावणेनऊ तास येतात. तिकिटावर छापलेला वेळ साधारण याच्याच आसपास असतो.

हिवाळ्यात जेट स्ट्रीम जोरात असतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत लंडनला जाताना वेळ जास्त आणि येताना आणखी कमी लागतो. पावसाळ्यात मुंबईतली गर्दी आणि पाऊस यांमुळे उड्डाण किंवा उतरणं रेंगाळतं. हीथ्रोवर पोहोचल्यावरही लगेच उतरायला मिळेलच असं नाही. तिथे दोनच धावपट्ट्या आहेत आणि विमानांना शहराभोवती घिरट्या घालत पाळीची वाट बघावी लागते. रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळात हीथ्रोवर विमानांच्या संख्येवर कडक मर्यादा आहे. म्हणून मुंबईहून रात्री निघणारी विमानं तिथे सकाळी उतरतील अशी वेळ आखलेली असते.

तिकिटावरचा वेळ हा गेट ते गेट असतो, हेही लक्षात ठेवावं. विमान गेटवरून मागे सरकलं की घड्याळ सुरू, तिकडच्या गेटला थांबलं की बंद. त्याच्या आधीचे तीन तास आणि नंतरचे एक-दोन तास त्यात नसतात.

आकाश बंद झालं की वाट लांबते

ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेवरचं बरंचसं आकाश गेल्या काही वर्षांत अडचणीचं झालंय. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने हल्ला केल्यापासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं. त्यानंतर लगेच ब्रिटन आणि युरोपातल्या कंपन्यांना रशियाचं आकाशही बंद झालं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि पुढे महिन्या-महिन्याने ती मुदत वाढवत नेली.

याचा सगळ्यात मोठा फटका दिल्लीला बसला, कारण दिल्लीहून पश्चिमेला जाणारी वाट थेट पाकिस्तानवरून जाते. मुंबईला समुद्र आहे. इथून अरबी समुद्रावरून ओमान, आखात असा वळसा घेता येतो, त्यामुळे वेळ वाढतो पण दिल्लीइतका नाही. बंदी भारतीय कंपन्यांवर असल्याने एकाच दिवशी, एकाच शहरातून निघालेल्या दोन कंपन्यांच्या विमानांच्या वेळात फरक दिसू शकतो.

जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्ष पेटला तेव्हा इराणसह आजूबाजूचं आकाश अचानक बंद झालं. १३ जूनला अनेक विमानं वाटेतून मागे फिरली किंवा दुसरीकडे उतरवली गेली. त्याच वर्षी हीथ्रोजवळच्या वीज उपकेंद्राला लागलेल्या आगीमुळे २१ मार्चला जवळपास दिवसभर सगळा विमानतळच बंद राहिला. म्हणून लंडनला पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी परीक्षा, मुलाखत किंवा लग्न असेल, तर एक दिवस आधीचं तिकीट काढणं शहाणपणाचं.

घड्याळाचा हिशेब

ब्रिटनमध्ये वर्षातून दोनदा घड्याळ बदलतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येतं. म्हणून हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेचार तास.

उदाहरण घेऊ. मुंबईहून विमान रात्री २ वाजता सुटलं आणि दहा तास लागले, तर आपल्याकडे दुपारचे १२ वाजलेले असतात. लंडनमध्ये मात्र हिवाळ्यात सकाळचे साडेसहा आणि उन्हाळ्यात साडेसात. उलट बाजूने, लंडनहून रात्री साडेनऊला निघालेलं विमान नऊ तासांनी मुंबईत उतरतं तेव्हा हिवाळ्यात दुपारचे १२ आणि उन्हाळ्यात सकाळचे ११ झालेले असतात.

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची असते. रात्री २ च्या विमानात एक नेहमीची चूक होते. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ०२.०० असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्रीच पोहोचायचं असतं. १५ च्या रात्री सामान घेऊन गेलात तर विमान एक दिवस आधीच गेलेलं असतं.

आपल्या गावाहून किती वेळ लागतो?

बेळगाव: सांबरा विमानतळ ते मुंबई हवाई अंतर सुमारे ४०० किमी. रस्त्याने कोल्हापूर-पुणे मार्गे जवळपास ४९० किमी, नऊ-दहा तास. सांबऱ्याहून मुंबईचं विमान मिळालं आणि वेळ जुळली तर उत्तमच. पण छोट्या विमानतळांची वेळापत्रकं वारंवार बदलतात, त्यामुळे आधी तपासून घ्यावं. गाडीने गेलात तर हिशेब असा: सकाळी ८ ला घर सोडलं, संध्याकाळी सहा-सातला मुंबई, रात्री १० पर्यंत विमानतळ, रात्री २ चं विमान, हिवाळ्यात लंडनच्या सकाळी साडेसहाला उतरणं, इमिग्रेशन आणि सामान आटपून साडेआठला बाहेर, दहाच्या सुमारास हॅरो किंवा स्लाउच्या घरी. तेव्हा बेळगावात दुपारचे साडेतीन. म्हणजे एकूण साडेएकतीस तास, त्यातले विमानात फक्त दहा.

गोवा: जानेवारी २०२३ पासून मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि दाबोळीच्या जोडीला दुसरा पर्याय आला. मोपाहून लंडनच्या गॅटविकला एअर इंडियाने जुलै २०२३ मध्ये थेट सेवा सुरू केली होती, ती जून २०२५ मध्ये थांबवली. अशी सेवा चालू असेल तेव्हा बेळगाव, सावंतवाडी, खानापूरच्या लोकांनाही ती मुंबईपेक्षा सोयीची पडते, कारण बेळगाव-खानापूरहूनही चोर्ला किंवा आंबोली घाटाने मोपा तीन-चार तासांवर आहे. घाटात पावसाळ्यात दरडी आणि धुकं असतं. तेव्हा तासभर जास्त धरावा. गॅटविक हे लंडनच्या दक्षिणेला आहे, हीथ्रो पश्चिमेला. घ्यायला येणाऱ्याला विमानतळाचं नाव आधी नीट सांगावं.

इंदूर आणि ग्वाल्हेर: दोन्हीकडून लंडनला थेट विमान नाही. इंदूरहून मुंबई किंवा दिल्ली गाठून पुढे जायचं. इंदूर-मुंबई विमान साधारण सव्वा ते दीड तासाचं. दोन विमानं एकाच तिकिटावर असतील आणि मधला थांबा तीन-चार तासांचा असेल, तर घर ते घर वीस-बावीस तास पुरतात. ग्वाल्हेरकरांना दिल्ली रेल्वेने किंवा रस्त्याने गाठणंच सोपं.

बडोदा: मुंबई रेल्वेने सुमारे ३९० किमी, चार ते सहा तास. अहमदाबाद त्याहून खूप जवळ, दोन तासांच्या आत. अहमदाबाद-लंडन ही गुजरातेतल्या घरांची जुनी, जिवाभावाची वाट. १२ जून २०२५ ला याच वाटेवर निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी एकच जण वाचला, जमिनीवरचेही लोक गेले. चरोतर आणि बडोद्याच्या भागात त्या दिवसाची आठवण अनेक घरांत अजून ताजी आहे.

हैदराबाद: हीथ्रोला थेट विमान आहे आणि वेळ दहा तासांच्या पुढे धरावा. शहरातून शमशाबाद विमानतळ गाठायला एक ते दीड तास. आपल्या यादीतल्या शहरांत, मुंबई-दिल्ली सोडली तर, घर ते घर सगळ्यात कमी वेळ हैदराबादकरांचाच.

थेट जावं की मधे थांबावं?

मुंबई-दुबई सुमारे १,९३० किमी आणि दुबई-लंडन सुमारे ५,५०० किमी. बेरीज ७,४३० च्या आसपास. म्हणजे दुबईवरून गेलं तरी अंतर फार वाढत नाही, कारण दुबई वाटेवरच आहे. दोह्याचंही तसंच. वाढतो तो वेळ: एक जादा उतरणं, सुरक्षा तपासणी, तीन-चार तासांची वाट, पुन्हा चढणं. तिकीट मात्र बऱ्याचदा स्वस्त मिळतं.

स्वस्त तिकीट बघताना तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, सगळी विमानं एकाच तिकिटावर आहेत का. एकाच तिकिटावर असतील आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम असतं. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर दुसऱ्या विमानाचे पैसे गेले समजा.

दुसरी, मुंबईतलं टर्मिनल. लंडनची विमानं सहारच्या टर्मिनल २ वरून सुटतात. गावाहून येणारं विमान टर्मिनल १ ला उतरत असेल तर बाहेरच्या रस्त्याने टर्मिनल बदलावं लागतं. आता नवी मुंबई विमानतळही सुरू झालाय. डिसेंबर २०२५ पासून तिथून उड्डाणं होतात. तिथे उतरून सहार गाठायचं तर मुंबईची वाहतूक धरून तीन तास हाताशी ठेवावेत.

तिसरी, येतानाचा कस्टम्स. परदेशातून येताना भारतातल्या पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन आणि कस्टम्स होतं. पुढचं तिकीट बेळगाव किंवा इंदूरचं असलं तरी मुंबईत सामान पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून जाऊन पुन्हा द्यावं लागतं. त्यासाठी तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये.

घरून वाईट बातमी गेली तर

या आकड्यांची खरी गरज लागते ती अशा वेळी. बेळगावात वडील गेले, मुलगा लंडनला. घरात जमलेली माणसं विचारतात, तो कधीपर्यंत पोहोचेल, थांबायचं का?

बेळगावसाठी हिवाळ्याचा हिशेब असा. बातमी लंडनच्या सकाळी १० ला, म्हणजे आपल्या दुपारी साडेतीनला कळली. तिकीट मिळालं तर रात्री साडेनऊचं विमान, दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई, एकला बाहेर, गाडीने रात्री दहा-अकराला बेळगाव. बातमी लंडनच्या रात्री १० ला कळली तर रात्रीची विमानं गेलेली असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी १० चं विमान धरलं तर ते आपल्या रात्री साडेबाराला मुंबईत, आणि रात्रभर गाडी चालवून सकाळी दहा-अकराला घर. दोन्ही वेळा फोन ते उंबरा मिळून एकतीस तासांच्या आसपास होतात. दिवसा मुंबई-बेळगाव विमान मिळालं तर त्यातले पाच-सहा तास वाचतात.

म्हणजे बेळगावात थांबायचं असेल तर दीड दिवस धरून शीतपेटीची किंवा शवागाराची सोय करावी लागते. तेवढं शक्य नसेल तर घरच्यांनी तसं स्पष्ट सांगावं. "निघालोय, थांबा" एवढ्यावर सगळे ताटकळत राहिले आणि मधेच विमान चुकलं, तर दोन्हीकडच्यांची ओढाताण होते. तिकडच्याने विमानात बसण्याआधी पोहोचण्याची भारतीय वेळ कळवावी, कारण विमानात बसला की पुढचे नऊ तास त्याच्याशी बोलणं होईलच असं नाही.

ज्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलंय, त्यांच्याजवळ ओसीआय कार्ड असेल तर तसंच निघता येतं. नसेल तर व्हिसा लागतो आणि तो त्याच रात्री मिळत नाही. हे कार्ड वेळेत करून ठेवायचं असतं ते अशा दिवसासाठी.

विमानातले दहा तास

पहिल्यांदा जाणाऱ्या ज्येष्ठांना विमानाच्या उंचीपेक्षा बसून राहण्याचा जास्त त्रास होतो. दर दीड-दोन तासांनी उठून चालावं, पाणी प्यावं, पाय हलवावेत. विमानात हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा असतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर डॉक्टरांना आधी विचारावं.

गोळ्या, इन्सुलिन, चष्मा, डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी, मोठ्या बॅगेत नाही. मधुमेहाच्या औषधाची वेळ भारतीय घड्याळाने घ्यायची की लंडनच्या, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. पश्चिमेला जाताना दिवस साडेपाच तासांनी लांबतो. चालायला त्रास असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागावी. हीथ्रोवर विमानापासून बाहेरपर्यंत बरंच चालावं लागतं.

शरीराचं घड्याळ जुळायला साधारण तासाला एक दिवस धरावा. जाताना जुळवून घेणं सोपं जातं, परत आल्यावर चार-पाच दिवस रात्री झोप लागत नाही. तेव्हा आल्या आल्या दुकान किंवा ऑफिस गाठण्याची घाई करू नये.

चौदा दिवसांवरून दहा तासांवर

१९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी २९ ऑगस्टला मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले आणि १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यामुळे एवढ्यात तरी जमलं. त्याआधी बोटींना आफ्रिकेला वळसा घालावा लागे. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. तेव्हाच्या मराठी माणसाला घरी जायचं म्हणजे पंधरवडा समुद्रावर काढायचा होता.

विमानाची वाट तुकड्या-तुकड्यांनी तयार झाली. १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली, तिला आठवडाभर लागत असे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं, आणि तेच टपाल पुढे बल्लारीमार्गे मद्रासला गेलं.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ३५ प्रवाशांना घेऊन मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत १० जूनला लंडनला उतरलं. तिकीट होतं १,७२० रुपये. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० ला आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं आणि ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ ला त्याच पर्वतावर एअर इंडियाचं 'कांचनजंगा' कोसळलं. त्या ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते.

१९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमानं आली आणि प्रवास दिवसांवरून तासांवर आला. मधले थांबे नंतर एकेक करून गळत गेले. आजची विमानं तेल न भरता ७,२०० किलोमीटर सहज पार करतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून लंडनला सगळ्यात कमी किती वेळ लागतो?
थेट विमानाने साधारण साडेनऊ तास. वारा आणि वाट बघून तासभर कमी-जास्त.

विमान खूप उशिरा पोहोचलं तर भरपाई मिळते का?
लंडनहून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला आणि ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनीने लंडनला येणाऱ्या विमानाला ब्रिटनचा नियम लागू होतो. एवढ्या लांबच्या प्रवासात चार तासांहून जास्त उशीर झाला आणि चूक कंपनीची असेल, तर ५२० पौंडांपर्यंत भरपाई मागता येते. वादळ किंवा बंद आकाश अशा कारणांना ती मिळत नाही. पण तासन्‌तास थांबावं लागलं तर जेवण आणि गरज पडल्यास राहण्याची सोय कंपनीनेच करायची असते. बोर्डिंग पास जपून ठेवावा.

विमानतळावर किती आधी पोहोचावं?
चार तास आधी. काउंटर साधारण तीन तास आधी उघडतात आणि एक तास आधी बंद होतात. बाहेरगावाहून गाडीने येणाऱ्यांनी त्याच्याही आधी दोन-तीन तास रस्त्यासाठी राखून ठेवावेत.

हीथ्रोहून शहरात कसं जायचं?
हीथ्रो एक्स्प्रेसने पॅडिंग्टन पंधरा मिनिटांत. एलिझाबेथ लाइन त्याहून स्वस्त, थोडा जास्त वेळ घेते. पिकॅडिली लाइन सगळ्यात स्वस्त, शहराच्या मध्यापर्यंत साधारण तासभर. सामान जास्त असेल आणि सोबत ज्येष्ठ असतील तर घ्यायला कुणीतरी यावं हेच बरं.

अंतर कमी असून इंदूरहून वेळ जास्त का लागतो?
थेट विमान नाही म्हणून. इंदूर लंडनला मुंबईपेक्षा शंभर किलोमीटर जवळ आहे, पण आधी मुंबई किंवा दिल्लीला जाऊन तिथे थांबण्यातच पाच-सहा तास जातात.

निघण्याच्या आदल्या दिवशी विमान कंपनीच्या अ‍ॅपवर वेळ पुन्हा एकदा बघावी. बदललेली असेल तर पहिला फोन तिकडे घ्यायला येणाऱ्याला करावा आणि सांगताना वेळ लंडनची आहे की भारताची, हे नक्की सांगावं.